डोंगरावर थांबलेला दिवा

हवाई दलात होतो असं सांगितलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "म्हणजे इमान उडवत होते काय तुमी?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग मलाच त्याची समजूत काढावी लागते. मी विमान उडवत नव्हतो, विमानाच्या वतीने बोलत होतो. माझ्या हुद्द्याला सिग्नलर म्हणत. आज ते काम उरलेलं नाही, म्हणून थोडं सांगून ठेवतो.

आमचं विमान डाकोटा. दोन पंख्यांचं, पोट सुटलेलं, आवाज ट्रकसारखा. पण जीव लावावा असं इमानी जनावर. पुढे दोघे वैमानिक. त्यांच्या पाठीमागे एका बाजूला नॅव्हिगेटर, म्हणजे नकाशा मांडून वाट काढणारा, आणि दुसऱ्या बाजूला मी. माझ्यापुढे रेडिओचा संच, हाताशी मोर्सची किल्ली, म्हणजे टिंब-रेघांची तार ठोकायचं बटण. दर अर्ध्या तासाने आपण कुठे आहोत ते कडकट करत जमिनीवर कळवायचं आणि तिकडून आलेलं लिहून घ्यायचं. हे सगळं एका वहीत मिनिटागणिक नोंदवावं लागे. त्या वहीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून बाजूला सही करायची. मला त्या वहीचा फार अभिमान होता. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या कापसाच्या जिनिंगमधल्या एका मजुराच्या पोराने लिहिलेलं सरकारला जसंच्या तसं खरं मानावं लागे, ही काही लहान गोष्ट नव्हती.

डाकोटाच्या छतात काचेचा एक घुमट असे, उलट्या घमेल्याएवढा. नॅव्हिगेटर स्टुलावर उभा राहून त्यात डोकं घालायचा आणि ताऱ्यांचे कोन मोजायचा. त्याचं काम झालं की कधीकधी मीही डोकं घालत असे. सगळं आभाळ गळ्यापर्यंत आल्यासारखं वाटे.

तर दिवे. रात्री उडणाऱ्या माणसाला खोटे दिवे फार दिसतात. अंधारात अंतर कळत नाही. शेकोटी तारा वाटते, तारा विमान वाटतो. आमच्या एका वैमानिकाने शुक्राला तीनदा रेडिओवरून बजावलं होतं, "समोरच्या विमानाने बाजूला व्हावं!" शुक्र काही बाजूला झाला नाही. पुढे वर्षभर मेसमध्ये त्या बिचाऱ्याला सगळे विचारत, "काय, आज वाट दिली का?" दुसरी एक गंमत नागपूरची. तिथे हवामानवाले वारा पाहण्यासाठी रात्री फुगा सोडत आणि तो दिसावा म्हणून त्याला कागदी कंदील बांधत, आत पेटती मेणबत्ती. एकदा एका तुकडीने तो पाहून मोठा गहजब केला. जमिनीवरून हवामानाचा कारकून काकुळतीने सांगू लागला, "साहेब, तो आमचा कंदील आहे. मेहेरबानी करून त्याच्या नादी लागू नका."

हे सांगण्याचं कारण, मी भोळा नव्हतो. आभाळातला दिवा म्हटलं की मी आधी हसायचो. मग ती रात्र आली.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. हिवाळ्याचे दिवस. सरावाचं उड्डाण होतं: नागपूरहून अमरावती, अकोला, तिथून उजवीकडे वळून सातपुडा ओलांडत खांडव्याकडे आणि परत. कप्तान होता फ्लाइट लेफ्टनंट थॉमस. केरळचा, सावळा, कमी बोलणारा. त्याच्या शेजारी नुकताच आलेला सहवैमानिक. नॅव्हिगेटर सन्याल, बंगाली, पेन्सिलीला इतकं टोक काढायचा की भीती वाटावी. आम्ही एकमेकांशी इंग्रजी आणि छावणीतल्या हिंदीत बोलायचो. इथे मराठीत लिहितो.

साडेसातला निघालो. अमरावती पोटाखालून गेली, डावीकडे बडनेऱ्याचं जंक्शन चकाकलं. माझ्या मुलखावरून जाताना मी नेहमी खिडकीला नाक लावून बसायचो. अकोल्यावर आलो तेव्हा मोर्णा नदीची काळी रेघ दिसली आणि तिच्या पलीकडे जुन्या शहरातले मिणमिणते दिवे. त्यातला एक आमचा. माय चुलीपुढे बसली असेल, आणि तिच्या डोक्यावरून सहा हजार फुटांवर मी.

सन्यालने वळण सांगितलं. थॉमसने विमान उजवीकडे वळवलं. आठ-दहा मिनिटं गेली असतील, इतक्यात सहवैमानिक म्हणाला, "सर, उजवीकडे, आपल्या उंचीवर एक विमान."

थॉमसने पाहिलं. मी उठून त्यांच्या दोन खुर्च्यांच्या मधून वाकलो. डोंगरांच्या काळ्या कडेच्या वर एक उजेड होता. पांढरा, कडेला किंचित पिवळसर. पण विमानाला तर हिरवा दिवा असतो, लाल असतो. याला काहीच नव्हतं. एकच उजेड, गोटीएवढा, आणि तो आमच्याबरोबर चालला होता.

"तायडे, विचार," थॉमस म्हणाला.

मी नागपूरला विचारलं. उत्तर आलं: त्या भागात दुसरं विमान नाही. हवामानवाल्यांकडून निरोप मागवला. फुगा सोडला नव्हता. मी दोन्ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. माझ्या मानेवर काटा उभा राहिला होता. भीतीचा नव्हे, लहानपणी जत्रेत पहिल्यांदा पाळण्यात बसलो तेव्हा आला होता, तसला.

थॉमसने डावीकडे थोडं वळून पाहिलं. उजेडही वळला. पुन्हा सरळ केलं, तोही सरळ. मग एकाएकी त्याने वेग घेतला आणि आमच्या पुढे निघून उत्तरेला डोंगरावर सरकला. शुक्र असा पुढे निघून जात नाही!

"बघायचं का?" थॉमसने विचारलं. कप्तानाने विचारायचं नसतं, हुकूम करायचा असतो. पण त्याने विचारलं.

"बघू या, सर," आम्ही तिघं एकदमच बोललो.

विमान ठरलेली वाट सोडून उत्तरेकडे वळलं. मी घुमटात डोकं घातलं. उजेड समोर, किंचित खाली. थॉमस त्याच्या रेषेत येण्यासाठी उतरू लागला. साडेपाच हजार. पाच हजार. उजेड मोठा होत होता, गोटीचा लिंबू झाला. पंखे घुमत होते आणि माझं काळीज त्याहून जोरात. मला वाटत होतं, आणखी एक मिनिट, फक्त एक मिनिट, आणि जगात कुणी पाहिलं नसेल ते मी पाहीन.

साडेचार हजार.

"सर, डोंगर!" सन्याल ओरडला. "पुढचा माथा चार हजाराला टेकतोय. वर घ्या!"

थॉमसने दांडा ओढला. डाकोटा कण्हत वर निघाली. माझं डोकं घुमटाच्या कडेवर आपटलं, पण मी डोळे हलवले नाहीत, म्हणून सांगू शकतो. तो उजेड थांबला होता. डोंगराच्या एका घळीवर, कुणी दिवा लावून ठेवावा तसा, जागच्या जागी उभा. आम्ही त्याच्या अलीकडे वळसे घेत वर चढत होतो आणि तो हलत नव्हता. चार मिनिटं. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढे धरून मोजली होती. मग फुंकर मारल्यासारखा विझला.

विमान पुन्हा वाटेला लागलं. मी वही पुढे घेतली आणि पेन्सिल हातात धरून बसलो. हे लिहिलं तर चौकशी लागणार, हे मला कळत होतं. वाट सोडली होती, उंची सोडली होती.

"सर," मी म्हणालो, "नोंद काय करू?"

थॉमसने मागे वळून पाहिलं नाही. "दिसलं ते लिही."

"आणि उतरलो ते?"

"तेही दिसलंच ना तुला? लिही."

मी लिहिलं. वेळ, दिशा, उंची, उजेडाचा रंग, चार मिनिटं. अक्षर चांगलं आलं.

तिसऱ्या दिवशी थॉमसचं उड्डाण बंद झालं. चौकशीला बसलेले विंग कमांडर गृहस्थ चांगले होते, पण त्यांचं मत आधीच बनलं होतं: वैमानिक एखाद्या ग्रहामागे धावला आणि विमान डोंगरात घालणार होता. आमच्यापैकी प्रत्येकाला विचारलं, "त्या संध्याकाळी काही प्यायला होतात?" थॉमसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, मग डोक्याच्या. त्याची बदली ईशान्येकडच्या डोंगरात रसद टाकणाऱ्या तुकडीत व्हायची होती. वर्षभर तो तिची वाट पाहत होता. आता कागदावर 'भास होतो' एवढे दोन शब्द चढले असते, तर तो जन्मभर टेबलामागे बसला असता.

आणि पुरावा कुठला? माझीच वही. मी तिच्यात लिहिलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं. मला जेवण गोड लागेना.

चौकशी तीन आठवड्यांनी पुन्हा बसणार होती. माझी पंधरा दिवसांची रजा मंजूर होती, बहिणीच्या लग्नासाठी. निघताना सन्यालने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. उजेड थांबला त्या वेळी विमान नकाशावर कुठे होतं आणि आम्हाला तो कुठल्या दिशेला दिसला, त्याचे आकडे.

"तुझाच मुलूख आहे," तो म्हणाला. "खाली माणसं राहतात ना?"

गाडीत बसेपर्यंत मला त्याचा अर्थ कळला नव्हता. कळला तेव्हा मी बाकावरून उठूनच उभा राहिलो. आम्ही वरून पाहिलं. खालून कुणी पाहिलं असेल तर?

अमरावतीला माझा शाळेचा दोस्त दिगंबर गावंडे जमीनमोजणीच्या कचेरीत होता. चांगल्या शेतकरी घरचा. घरी काळ्या जमिनीचे चाळीस एकर असून याला मात्र लोकांच्या जमिनी मोजायचा छंद. मी तडक त्याच्याकडे उतरलो. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "लेका, तू नशा-बिशा तं नाई करून राहिला?"

"तेच त्यांनीही विचारलं."

"बरं मंग, ऐक." त्याने पाटीवर दोन टिंबं काढली. "हे दोन गावं. पाच मैलाचं अंतर. दोन्हीकून तारा पाहिला तं दोन्ही रेघा एकाच दिशेनं जातीन. तारा लय दूर आहे ना बावा, पाच मैलानं त्याले काय फरक पडते? पन वस्तू जवळची असन, तं एका गावाले थे उजवीकडं दिसन अन् दुसऱ्याले डावीकडं. रेघा एकमेकीले कापतीन. जिथं कापल्या तिथं थे वस्तू."

मला ही विद्या माहीत होती. रेडिओवर आम्ही असंच स्वतःला शोधायचो. पण घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच विद्या आठवत नाही, दुसऱ्याने सांगावी लागते.

दिगंबरने दोन दिवसांची रजा टाकली, होकायंत्र आणि मोजणीचा नकाशा पिशवीत घातला. आम्ही अकोल्याला आलो, मायच्या हातचं खाल्लं, लग्नाची कामं बहिणीच्या शिव्या खात भावावर ढकलली आणि सकाळच्या छोट्या गाडीने अकोटच्या पुढे, डोंगराच्या तोंडाशी असलेल्या एका बारक्या स्टेशनावर उतरलो. दोन सायकली गाडीतूनच नेल्या होत्या.

स्टेशनमास्तर सत्तार नावाचे, दाढी मेंदीने रंगवलेली. मी गणवेश मुद्दाम घातला होता. मी अजून विचारतच होतो, "मास्तर, दहा-बारा दिवसांपूर्वी रात्री..." तेवढ्यात ते म्हणाले, "या अल्ला, आखिर कोई तो आया!"

त्यांनी आम्हाला आत नेलं, कपाट उघडलं आणि स्टेशनची रोजनिशी टेबलावर आपटली. त्यात लिहिलेलं होतं: 'आठ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी डोंगरावर तेज उजेड. गाडीच्या ड्रायव्हरने वणवा समजून सिग्नलाबाहेर गाडी उभी करून लांब शिटी दिली. चार-पाच मिनिटांनी उजेड बंद. गाडी पुढे सोडली.'

मी खिशातून माझ्या नोंदीची नक्कल काढली. उजेड थांबल्याची माझी वेळ आठ एक्केचाळीस. मी दिगंबरकडे पाहिलं, दिगंबरने माझ्याकडे. मास्तरांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि ते खुर्चीत बसले.

"मी हे लिहिलं म्हणून वरून कागद आला," ते म्हणाले. "सत्तार मास्तर, आपकी नजर तो ठीक है? माझी नजर! तीस बरस सिग्नल पाह्यले या डोळ्यांनी."

त्या रात्री ते फलाटाच्या टोकाला उभे होते. तिथेच त्यांना पुन्हा उभं केलं. पाण्याच्या टाकीच्या उजव्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं: "इथं होता. या कोपऱ्यावर." दिगंबरने होकायंत्र लावलं. उत्तर, पण उजवीकडे झुकलेली.

आता दुसरी रेघ हवी होती, पूर्वेकडून. आम्ही डोंगराच्या पायथ्याने सायकली दामटल्या. गाडीवाटेचा फुफाटा, दोन्ही बाजूंनी उभी ज्वारी. भेटेल त्याला विचारत सुटलो. एकाला काही दिसलं नव्हतं. दुसऱ्याला फार दिसलं होतं, दिव्यावर बसलेली माणसंसुद्धा. त्याला नमस्कार करून पुढे निघालो. तिसरा म्हणाला, "सगुणाबाईले विचारा. थे रोज रातच्यानं माचानावर असते. डुकरांपासून वावर राखते."

सगुणाबाई वावरातच भेटल्या. साठीच्या असतील, नऊवारीचा काष्टा मारलेला, हातात गोफण. नवरा मागेच गेलेला, वावर त्या एकट्याच वाहत होत्या. माझ्या गणवेशाकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोलीस व्हय काय?"

"नाही मावशी, विमानातला आहे. त्या रात्री दिवा दिसला होता ना..."

"तुमचंच होतं काय थे बोंबलत गेलेलं इमान?" त्या एकदम उसळल्या. "वावरातली डुकरं पयाली त्या आवाजानं, चांगलं झालं. पन तुमी काहून खाली येऊन राहिले होते? मी म्हनलं, आता हे डोंगराले धडकते!"

त्यांनी आम्हालाही पाहिलं होतं!

"मावशी, नीट सांगा. आमचं विमान वेगळं आणि दिवा वेगळा?"

"मंग! तुमचं थे लाल-हिरवं, घर्र घर्र करत. अन् थो दिवा पांढरा, त्याले ना आवाज ना सावाज. थो पुढं, तुमी मांगं. मंग थो थांबला अन् तुमी वर पयाले."

"किती वाजले होते?"

"मले घड्याय कुठचं बाबा? पन गाडीनं लंबी शिटी मारली, तवाच थांबला होता थो."

गाडीची शिटी! मास्तरांच्या रोजनिशीतली शिटी पाच मैलांवर या बाईने ऐकली होती. मला ओरडावंसं वाटत होतं. दिगंबर मात्र मोजणीवाला, तो शांतपणे म्हणाला, "मावशी, माचानावर बसून दाखवता काय, कुठं होता थो?"

त्या सरसर वर चढल्या आणि त्यांनी दोन सागांच्या शेंड्यांमधल्या फटीकडे हात केला. दिगंबर त्यांच्या मागे उभा राहून होकायंत्र पाहू लागला. त्याने आकडा वाचला आणि त्याचाही आवाज फाटला.

"तायड्या! डावीकडं! डावीकडं झुकली बे रेघ!"

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही नकाशा पसरला. मास्तरांची रेघ ओढली. सगुणाबाईंची ओढली. दोन्ही डोंगरात एका घळीवर एकमेकींना कापून गेल्या. मग सन्यालच्या चिठ्ठीतून विमानाची तिसरी. ती ओढताना दिगंबरने श्वास रोखला होता. तिसरी रेघ त्या फुलीच्या अगदी शेजारून गेली. तीन रेघांच्या मध्ये एक इवलासा त्रिकोण उरला, तांदळाच्या दाण्याएवढा.

"जरा चुकलं," मी म्हणालो.

"चुकू दे," दिगंबर म्हणाला. "मानसानं मोजलं की चुकतेच."

ती घळ आम्ही जाऊनही पाहिली. वनरक्षकाला बरोबर घेऊन दिवसभर चाललो. साग, दगड, वाळलेलं गवत. ना राख, ना खड्डा, ना जळालेलं पान. वनरक्षक म्हणाला, त्या आठवड्यात कुठे वणवा लागला नव्हता. परतताना मी थोडा खट्टू झालो होतो. काहीतरी सापडेल असं मनात कुठेतरी वाटत होतं, लोखंडाचा एखादा तुकडा तरी.

चौकशी पुन्हा बसली तेव्हा मी नकाशा आणि रोजनिशीची मास्तरांच्या सहीची नक्कल पुढे ठेवली. विंग कमांडरांचा आधी पाराच चढला.

"सार्जंट, हे करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"कुणी नाही, सर. रजेवर होतो."

"आणि साक्षीदार कोण? शेत राखणारी म्हातारी?"

मजुरी-शेतीत राबणाऱ्या आमच्या लोकांची साक्ष कुणी अशीच उडवून लावताना मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्यामुळे असेल, मी सार्जंट आहे हे क्षणभर विसरलो. "सर, आम्ही महिन्यातून चार रात्री त्या आभाळात जातो. ती बाई हंगामभर रोज रात्री त्याच्याखाली बसते. तिने आमच्या विमानाचे दिवेही बरोबर सांगितले."

थॉमस समोर ताठ बसला होता, त्याच्या गालाची शीर तेवढी हलत होती. विंग कमांडरांनी नकाशा ओढून घेतला. चष्मा लावला. बराच वेळ त्या त्रिकोणावर पेन्सिलीचं टोक ठेवून बसले. ते स्वतः एके काळी नॅव्हिगेटर होते, हे मला नंतर कळलं.

"या रेघा एका बिंदूत मिळत नाहीत," ते म्हणाले.

"नाही, सर."

"मागाहून रचलं असतं, तर मिळवल्या असत्या." त्यांनी चष्मा काढला. "खऱ्या रेघा कधीच एका बिंदूत मिळत नाहीत."

निकाल तीन ओळींचा आला. वैमानिकाने आपल्या मार्गालगतच्या अनोळखी वस्तूचा शोध घेतला. ती वस्तू ग्रह किंवा तारा नव्हती. ती काय होती ते ठरवता येत नाही. सुरक्षित उंची सोडल्याबद्दल थॉमसला ताकीद मिळाली, ती योग्यच होती. उड्डाण पुन्हा सुरू झालं आणि ठरलेली बदलीही झाली. बातमी कळली तेव्हा सन्यालने मला उचलून धरलं आणि सहवैमानिकाने मेसमध्ये अशी आरोळी ठोकली की स्वयंपाकी बाहेर धावत आला.

एक खंत मात्र राहिली. त्या अहवालात सत्तार मास्तर नाहीत, सगुणाबाई नाहीत, दिगंबर नाही. 'स्थानिक लोकांच्या माहितीवरून' एवढंच आहे. नकाशाही सरकारजमा झाला. नक्कल ठेवायचं मला सुचलं नाही. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं उडत राहिलो, साठच्या दशकात तर सीमेवरच्या रात्री काढल्या, पण तसं पुन्हा काही दिसलं नाही. घुमटात डोकं मात्र प्रत्येक उड्डाणात घातलं.

बदलीच्या ठिकाणी जाण्याआधी थॉमसने चार दिवसांची रजा घेतली आणि मला म्हणाला, "मला त्या बाईला भेटायचं आहे." म्हणून आम्ही दोघे अकोल्याला आलो आणि तिथून त्या गावी गेलो. ज्वारी निघून गेली होती. सगुणाबाई खळ्यावर कणसं बडवत होत्या. थॉमसने अंगावरचा गणवेश सारखा केला आणि कडक सलाम ठोकला. खळ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"हा कोन?" त्यांनी मला विचारलं.

"मावशी, त्या रात्री विमान हेच चालवत होते. तुमच्या बोलण्यामुळे यांची नोकरी वाचली. तुमचे आभार मानायला आलेत."

सगुणाबाईंनी हातातलं दांडकं खाली ठेवलं. थॉमसच्या जवळ जाऊन त्याचं तोंड नीट निरखलं.

"बाबू, एक सांग," त्या म्हणाल्या. "मी तं इथं खाली होते. तू तं पार त्याच्या जवय गेला होता. तुले काय दिसलं?"

मी हिंदीत करून सांगितलं. थॉमसने थोडा विचार केला. मग त्या रात्री मला वही लिहायला लावणारा तो माणूस, त्याच प्रामाणिकपणाने म्हणाला, "उजाला, माँ. सिर्फ उजाला."

"हात् तिच्या!" सगुणाबाई म्हणाल्या. "थे तं मलेबी इथूनच दिसलं! मंग एवढं उडून जाऊन तू केलं काय?"

थॉमस इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी त्याला खळ्यावरच बसवलं आणि भाकर वाढली.